बादगीराखाली चाळीस मिनिटं

यादीत सात ठिकाणं आहेत.
पर्वीझसाहेबांनी ती पिवळ्या कागदावर छापून घेतलीत,
प्रत्येकापुढे मिनिटं.
अग्निमंदिर पंचवीस, बर्फाची घुमटी पंधरा,
मातीच्या गल्ल्या साठ,
शेवटी टेकडीवरून सूर्यास्त,
तो मात्र सूर्याच्या सोयीने.

मी फरंगीस. याझ्दमध्ये अकरा वर्षं हेच बोलते,
चार भाषांत, एका दमात.
हा दरवाजा बघा, याला दोन कड्या.
जाड दांडा पुरुषाने ठोकायचा, बारीक कडी बाईने,
आवाजावरून आतल्यांना कळायचं
डोक्यावरून चादर ओढायची की नाही.
मग सगळे दोन्ही वाजवून बघतात.
आतल्या खानुम रोज ओरडतात, मी रोज माफी मागते.
माफीचीही मिनिटं धरायला हवीत खरं तर.

पाण्याच्या संग्रहालयात काचेमागे
मुकन्नीचे पांढरे कपडे टांगलेत.
जमिनीखाली कालवा खणायला उतरताना पांढरंच घालायचे,
वर नाही आला माणूस, तर कफन शिवायला नको.
इथे लोक हळहळतात. मी थोडं थांबते,
कुठे थांबायचं ते आता पाठ झालंय.
माझे काका मुकन्नी होते हे सांगत नाही.
ते दर वेळी वर आले.
गेले ते दवाखान्यात,
निळ्या चादरीखाली, नळीतून थेंब थेंब.

परवा खोरदादचा कडक दिवस.
बाजारातून सगळ्यांनी पश्मक घेतलं,
साखरेचे म्हातारीचे केस,
डब्यातच घामेजून गोळा झालेले.
चौथं ठिकाण: बाग, आणि तिच्यातला तो उंच बादगीर,
वाऱ्याला मानेला धरून खाली आणणारा.
मी आकडे सांगत होते, उंची, झरोके,
हौदावरून हवा कशी गार होत जाते,
तेवढ्यात त्या कोरियन बाई,
कागदावर नाव ओक-सुन, वय एकोणऐंशी,
दगडी कट्ट्यावर टेकल्या,
चपला जोडून ठेवल्या, टोकं बाहेर,
आणि झोपल्या.

तोंड जरा उघडं. पांढऱ्या बटा
वरून येणाऱ्या हवेत हलत होत्या.

मी हात पुढे केला, उठवायला.
नाही उठवलं.
का, ते पर्वीझसाहेबांनीही विचारलं नंतर,
त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

पाच मिनिटं सगळे घड्याळ बघत राहिले.
दहाव्या मिनिटाला दोघं बाहेर गेले, उन्हात, रागाने,
आणि ऊनच होतं म्हणून परत आले.
मग हळूहळू कॅमेरे खाली आले.
कुणी भिंतीला पाठ लावली.
एका पोराने हौदात बोट बुडवलं
आणि आई काही बोलली नाही.
बाहेर बहमन हॉर्नवर हॉर्न,
शेवटी तरातरा आत आला, शिवी ओठांवर,
दारातच थबकला,
म्हणाला, आयला, वीस वर्षं बस लावतोय इथे,
आत कधी आलोच नव्हतो.
बूट काढले. मोज्याला भोक होतं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा
मी त्या जागी गप्प होते.
वर कुठेतरी वारा कुशीवर वळायचा,
मग पाण्यापाशी यायचा,
मग आमच्यापाशी.

चाळीस मिनिटांनी बाई उठल्या,
काहीतरी बोलल्या आपल्या भाषेत.
ती माझ्या चार भाषांत नाही.
बहुतेक विचारलं असेल, चहा झाला का.
मला डब्यातलं पश्मक दिलं, गोळा झालेलं,
मी तसंच तोंडात टाकलं.

तीन ठिकाणं राहिली. सूर्य आमच्याविना बुडाला.
दोघांनी पैसे परत मागितलेत,
ते माझ्या पगारातून जातील.
उद्या नवी बस. बावीस माणसं.
बागेपुढे छापलंय: वीस मिनिटं, फोटोसह.
बहमन विचारत होता,
उद्याच्यांत कुणी म्हातारं आहे का.